तीन हात पुढं आलेलं छप्पर

सत्तरच्या दशकात नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात मी लाकडी सांगाड्याची घरं उभारायला शिकवत असे. खरं तर शिकवत कमी आणि बोलत जास्त असे. एकदा दूरच्या एका बेटावरचे चार सुतार शिकायला आले. मी त्यांना नागपूरचं शहाणपण दिलं: छप्पर भिंतीच्या तीन हात पुढं काढायचं, म्हणजे भिंतीला ऊन लागत नाही आणि घर तापत नाही.

त्यांतला एक लाजाळू सुतार परत जाऊन स्वतःचं घर बांधणार होता. त्यानं भीत भीत विचारलं, "उस्ताद, हमारे यहाँ तूफान आता है. इतना बाहर निकला छप्पर टिकेगा?"

समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. म्हणालो, "अरे, छप्पर है, पतंग नहीं!" सगळे हसले. तोही हसला. माझ्या विनोदावर सगळ्यात जास्त मीच हसलो.

पुढं त्याच बेटावरून दुसरी तुकडी आली. मी ऐटीत विचारलं, "मेरे उस चेले का घर कैसा बना?"

एकजण खाली बघत सांगू लागला. वादळ पुढं आलेल्या छपराखाली शिरलं, छप्पर उचललं गेलं आणि भिंती आत कोसळल्या. तो आणि त्याची बायको, दोघंही गेले.

माझा जोडीदार मिस्त्री रंधा खाली ठेवून नव्या तुकडीकडं बोट दाखवत म्हणाला, "आता यायले काय शिकवून राहिला गा?"

मी त्या माणसाला कसंबसं विचारलं, "तुम उसे जानते थे?"

"भाई था मेरा," तो म्हणाला. "कहता था, उस्ताद बहुत हँसाते हैं."