धकाते बाईंची नाडीपरीक्षा

दवाखान्यात गेलं की डॉक्टर आधी जीभ बघतात, पोट दाबतात, अशी जगाची रीत. आमच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या धकाते बाई आधी मनगट हातात घ्यायच्या, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे नजर लावायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता थिसिस सांग." पोटदुखीवाल्याला थिसिस, झोप न येणाऱ्यालाही थिसिस. आमच्या वसतिगृहातला इतिहासाचा एक संशोधक खरजेचं मलम मागायला गेला, तर त्यालाही तेच. तो उखडला. म्हणाला, "बाई, खरजेचा आणि भोसल्यांच्या महसुलाचा काय संबंध?" बाई शांतपणे म्हणाल्या, "नसंन गा संबंध. पण चांगल्या घरचा पोट्टा आंघोळ काहून सोडते, ते तर समजू दे मले." मग खाली बसून त्यानं महसूल सांगितला, आणि अर्ध्या वाटेतच रडायला लागला.

ही एकोणीसशे सत्तरच्या आगेमागेची गोष्ट. दवाखाना म्हणजे वसतिगृहाच्या मागच्या दोन खोल्या, एक बाक, एक पांढरं टेबल आणि स्पिरिटचा वास. बाई उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगावर जाड काठाचं सुती पातळ; पांढरा कोट खुंटीवर लटकलेला असायचा, तो फक्त कोणी मोठा माणूस येणार असला तर खाली उतरायचा. आमचे प्राध्यापक पुण्याची भाषा जिभेवर चढवून बोलत, चुकून घरचा शब्द निसटला तर खोकत. बाई मात्र कुलगुरूंनाही "काहून?" असं तोंडावर विचारत, आणि आमच्याकडच्या बायांसारखं स्वतःबद्दल पुरुषासारखं "मी करतो, मी सांगतो" असंच बोलत. डॉक्टर झालेली बाई अशी बोलते हे पाहून आम्ही खेड्यातून आलेली पोरं आतल्या आत ताठ व्हायचो.

मी मौद्याचा. घरी धानाची शेती, आणि आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. वनस्पतिशास्त्रात धानावरच्या करपा रोगावर संशोधन करत होतो. तिसऱ्या वर्षी छातीत धडधड सुरू झाली. घास गिळवेना. ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना वाटायचं, आता इथंच आटोपतो आपण. माझे वडील शेतात काम करता करता छाती धरून बसले होते ते उठलेच नव्हते, त्यामुळे मला निदान आधीच ठाऊक होतं. एक दिवस ठरवलं, पुरे. पण "अभ्यास झेपला नाही" म्हणून परत गेलो तर मौद्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. "डॉक्टरनं मनाई केली" म्हणून गेलो तर चार लोक उलट हळहळले असते. मला फक्त हृदय कमजोर असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं. बस, एवढंच!

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नळी लावून छाती तपासली, पाठ तपासली. "देतो सर्टिफिकेट," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मनगट धरलं. "आधी थिसिस सांग."

सांगू लागलो. पहिलं प्रकरण, रोगाची ओळख. दुसरं, पूर्वी झालेलं काम. बाई कडुनिंबाकडे बघत होत्या. तिसऱ्या प्रकरणाशी आलो आणि म्हणालो, "ते अजून नीट जमलं नाही, चौथ्यात—"

"थांब. मागं ये. तिसऱ्यात काय हाय?"

"काही विशेष नाही बाई."

"विशेष नाही, अन् नाडी अशी घोड्यावानी काहून धावून राहिली?"

आता काय सांगणार? सांगावंच लागलं. माझे गाइड सबनीस सर. करपा बियाण्यातून पसरतो, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी सिद्ध केलेलं. त्यांचं नाव त्यावरच उभं. आणि मी बियाणं धुऊन, औषध चोळून पेरलं, तरी रोग आलाच. तोही दरवेळी आधी बांधाच्या कडेच्या ओळींत. बांधावरच्या गवतावर तेच ठिपके होते. रोग गवतातून येत होता. हे लिहायचं म्हणजे सरांना खोटं पाडायचं. न लिहायचं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांना. दीड वर्ष मी ते प्रकरण उघडत होतो आणि मिटत होतो. कोणापाशी बोललो नव्हतो.

बाईंनी मनगट सोडलं. "तुझं काळीज बैलासारखं ठणठणीत हाय, वामन. दुखणं छातीत नाही, तिसऱ्या प्रकरणात हाय. आता त्याचं सर्टिफिकेट मी कसं देऊ?"

"मग मी काय करू बाई?"

"जेव. अन् बुधवारी सकाळी ये. गाइडले भ्यायचं तर भे गा, पण जेवून भे. उपाशी माणसाले भेव जास्त लागते."

बुधवारी गेलो, आणि दारातच थबकलो. आत खुर्चीवर सबनीस सर बसले होते! बाईंनी त्यांना रक्तदाब तपासायला बोलावून घेतलं होतं. प्राध्यापकांची दरवर्षी तपासणी व्हायला पाहिजे, असा काहीतरी नियम त्यांनी त्याच आठवड्यात काढला होता. सरांची बाही वर, दंडाला पट्टा बांधलेला. मी मागच्या मागे सटकणार, तोच बाई म्हणाल्या, "ये वामन, बस." मग सरांकडे वळल्या. "सर, एक सांगतो. दाब घेताना हलायचं नाही अन् बोलायचं तर बिलकुल नाही. बोललं की आकडा चुकते. दोन-तीनदा घ्यावा लागंन, तवर तसेच बसा." आणि रबरी फुगा दाबत मला म्हणाल्या, "हं. सांग तिसरं प्रकरण."

त्या बाईची काय हिंमत! ज्या माणसापुढे आख्खा विभाग उभा राहायचा, त्याला तिनं पट्टा बांधून खुर्चीत खिळवून ठेवला होता. सरांनी तोंड उघडलं की बाईंचं बोट ओठांवर. त्यांचा चेहरा लाल झाला, मग नुसता गंभीर झाला. मी आधी अडखळलो. मग बांध आठवला, गवत आठवलं, हातानं ओळीओळीतून फिरून बघितलेली पानं आठवली, आणि बोलत गेलो. मधे एकदा पट्टा सैल पडून गळून गेला होता. सर तरीही हलले नाहीत.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "बाई, आता बोलू का?"

"बोला नं."

सर माझ्याकडे वळले. "कोणत्या गवतावर? नमुना आणलास?" "प्रयोगशाळेत आहे," मी म्हणालो. "मग दीड वर्ष काय झोपा काढल्यास? चल, दाखव." आणि एक बाही वर, एक खाली अशा अवतारात ते प्रयोगशाळेकडे तरातरा निघाले. दारातून मी मागं बघितलं. बाई पट्टा गुंडाळत होत्या. त्यांनी मला हातानंच 'जा' म्हटलं.

मला डॉक्टरेट मिळाली, पुढे त्याच विभागात नोकरीही. माझ्यासारखे किती जण त्या बाकावरून उठून परत कामाला लागले, कोण जाणे. बाईंना विचारलं तर म्हणत, "मी काय केलं गा? पोट्टे सांगत गेले, मी ऐकत गेलो." मला मात्र त्यांचं कोडं कधी सुटलं नाही. पोटाची, छातीची दुखणी शिकवणारी कॉलेजं असतात. ही विद्या बाई कुठं शिकल्या?

ते कळलं त्यांच्या शेवटच्या आजारपणात. निवृत्त होऊन त्या प्रताप नगरात भावाकडे राहत होत्या. हृदय खरोखरच थकलं होतं, आणि महिन्याभरातच त्या गेल्या. त्याआधी एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या. मी कॉटजवळ स्टूल ओढलं. थट्टेनं त्यांचं मनगट धरलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणालो, "हं बाई. आता थिसिस सांगा."

बाई हसल्या नाहीत.

"एम. डी. साठी धरला होता विषय," त्या म्हणाल्या. "हातमाग खड्ड्यातला असते. विणकर दिवसभर त्या ओलीत पाय सोडून बसते. म्हातारपणी त्याचे पाय कामातून जाते. त्यावर लिहून राहिलो होतो मी. आमचे साहेब हसले. विणकराचे पाय, हा काय विषय आहे, म्हणाले. मले भेव लागलं गा. घास गिळवेना, छाती धडधड करे. एका डॉक्टरकडे गेलो अन् सर्टिफिकेट मागतलं. त्यानं देऊन टाकलं. एक शब्द नाही विचारला. चांगला माणूस होता तो. पटकन देल्लं." त्यांनी दम घेतला. "मले तवा कोणी म्हटलं नाही, की बस, आधी थिसिस सांग."

मी मनगट सोडलं नाही. "मग आता सांगा," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

आणि बाई सांगू लागल्या. खड्ड्याची ओल, सुजलेले घोटे, घरोघरी जाऊन तपासलेली माणसं. इतक्या वर्षांनी एक शब्द विसरल्या नव्हत्या. बोटांखाली नाडी संथ चालली होती. मग त्या म्हणाल्या, "अन् तिसऱ्या प्रकरणात पहिला रोगी माझा बाप," आणि माझ्या बोटांखाली ती एकदम उसळली.

"बाई," मी म्हणालो, "इथं उडाली."

"माहीत हाय मले," बाई म्हणाल्या. "तू ऐकत राह्य."