श्वास ऐकणारी नलूआत्या

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा, अविनाशचा, फोन आला. "ताई, आत्या गेली. दुपारी जेवून पडली होती, उठलीच नाही..." नव्वदीला टेकलेलं माणूस, झोपेत गेलं, त्रास झाला नाही, असं भेटायला आलेला जो तो म्हणाला. मीही मान हलवत होते. पण नलूआत्या माझी कोण होती, ते त्या गर्दीत कुणाला सांगणार?

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही परळची खोली सोडून वाशीला फ्लॅटमध्ये आलो. दुकानं चार, झाडं त्याहून कमी, आणि दिवसभर खाडीचा वारा. बाबांची ही थोरली बहीण यजमान वारल्यावर रत्नागिरीकडच्या गावातून आमच्याकडे राहायला आली. तिला मूलबाळ नव्हतं. म्हणजे, मला तसंच वाटायचं.

मी पहिलीत होते. नाक सदा चोंदलेलं, तोंड उघडं, बोलणं गेंगाणं. शाळेत काही विचारलं की मी नुसती बघत राहायचे. "मुलगी जरा मंद आहे," असं बाईंनी आईला सांगितलं, आणि आई माझा अभ्यास घेता घेता रडायला लागली. आत्याला मात्र दुसरंच खटकत होतं. दुपारी मी तिच्या कुशीत झोपायचे. माझं घोरणं मध्येच बंद पडायचं, छाती हलायची पण श्वास यायचा नाही, आणि मग मी दचकून मोठ्ठा श्वास ओढायचे. ती कधी डोळा मिटायचीच नाही.

"वसंता, पोर झोपेत गुदमरते रे," ती बाबांना म्हणाली. "आणि मंदबिंद नाही ती. समोरून बोलावलं तर धावत येते, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. तिला ऐकू येत नाही धड."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की नाकाच्या मागे ॲडेनॉइड म्हणून गाठी असतात, त्या वाढल्या आहेत. श्वास त्यांनीच अडतो, कानात पाणीही त्यांच्यामुळेच साठतं. भूल देऊन काढून टाकू. भूल म्हटल्यावर बाबांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर म्हणाले, "वय वाढलं की त्या आपोआप आकसतात म्हणे. वर्षभर वाट बघू या."

आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "वाट बघणं काय असतं ते मला विचार, वसंता."

मग ती मधूबद्दल बोलली. तिचा मुलगा, तीन वर्षांचा. घटसर्प झाला, घसा आवळत गेला. सासरे म्हणाले, सकाळ होऊ दे, तालुक्याला नेऊ. "सकाळ झाली... नेण्यासारखं काही उरलं नव्हतं." मधूचं नाव आईबाबांना ठाऊक होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेत नसे. त्या दिवशी तिनेच घेतलं, माझ्यासाठी.

खाडीपुलावरून बसने आम्ही मुंबईच्या हॉस्पिटलात गेलो. स्ट्रेचरवर निजवलं तेव्हा आत्या वाकून म्हणाली, "आत जाऊन नुसतं झोपायचं. उठलीस की मी समोर."

जाग आली तेव्हा घसा जळत होता, नाकाशी रक्त सुकलं होतं. आई होती, बाबा होते, आत्या नव्हती. मी रडायला लागले. बाबा तिला शोधत गेले तर ती जिन्याच्या पायरीवर पदरात तोंड घालून बसलेली. "आधी सांग, आहे ना रे ती?" एवढंच तिने विचारलं, असं बाबांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. खाटेपाशी आली, पण माझ्याशी बोलली नाही. हाताची पालथी बाजू माझ्या नाकाखाली धरून उभी राहिली. "येतोय गो श्वास," ती आईला म्हणाली, आणि अशी रडली की नर्स धावत आली.

आठवडाभराने मी खिडकीत उभी होते. "आत्या, कसला गं हा वास?" तिला आधी कळेचना. मग हसली. "वाशीगावात सुकट भाजतायत. तुला आला?" थोड्या दिवसांनी सुपात तांदूळ घेऊन बसलेली असताना ती काहीतरी गुणगुणत होती. मी चकित झाले. "तू गातेस?"

"रोजच गाते की. तू आज ऐकलंस."

मी पुढे काही फार हुशार निघाले नाही, पण मंदही नव्हते.

लग्न होऊन मी नाशिकला आले. तेव्हापासून आत्याचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "नाक मोकळं आहे ना?" मला नातू झाला तरी तेच. मी चिडायचे, हसायचे, आणि "आहे गं" म्हणायचे.

परवा अविनाशचा फोन आला. वर्षश्राद्धापर्यंत तिची खोली तशीच ठेवायची, असं काहीसं बोलत होता. मग मध्येच म्हणाला, "ताई... नाक मोकळं आहे ना?"

नव्हतं. रडून रडून पार चोंदलं होतं.

"आहे रे," मी म्हटलं.