कुंपणापलीकडची विहीर

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाजवळच्या एका जुन्या डिझेल डेपोत मी माती आणि भूजलाचे नमुने घ्यायला जाते. तिथला मॅनेजर मला फाटकातच गाठतो. हसतमुख माणूस, त्याच्या मते सगळंच 'ग्रँड', म्हणजे एकदम झकास असतं. मी पोचायच्या आत त्याने तपासणीच्या बोअरची झाकणं उघडून ठेवलेली असतात. "तुमचा त्रास वाचवला," म्हणतो. झाकण उघडं राहिलं की डिझेलचा वास उडून जातो आणि गळती कळत नाही, हे मी त्याला बजावून सांगितलंय. तो मान डोलावतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच करतो. कुंपणाजवळच्या बोअरकडे वळले की त्याला नेमका माझा प्रवास, भारतातला उन्हाळा, सगळं आठवतं. कुंपणापलीकडे एक म्हातारी बाई राहते. ती घरच्या विहिरीचं पाणी पिते.

परवा मी ठरल्या वेळेच्या आधीच पोचले. झाकणं बंद होती. हा कुंपणावरून तिला बाटलीबंद पाण्याचे खोके देत होता.

"चहालासुद्धा हेच वापरा."

"जन्मभर विहिरीचं प्यायले, मेले का?"

"मरू नका बाई, मला महागात पडेल!"

दोघंही हसली. मग त्याने मला पाहिलं.

"वय झालंय हो त्यांचं," तो घाईने म्हणाला. "विहीर ठीक आहे."

"मग तिचाही नमुना घेते," मी म्हटलं आणि बाईंकडे पाहिलं. "चालेल ना?"

"या की," म्हणत त्यांनी कुंपणातलं फाटक उघडलं. तो मात्र कुंपणाच्या अलीकडेच उभा राहिला, उरलेला खोका छातीशी धरून.