कंदुरीच्या बोकडाचा बांबू

नव्वदच्या दशकात सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर दरवर्षी कंदुरी, म्हणजे नवसाचा बोकड कापून जेवण, व्हायची. बोकड टांगून सोलायला वडील दोन मेढी पुरून वर आडवा बांबू बांधत, तोही इतका खाली की पलीकडे जाताना स्वतःच वाकत. मला त्या कामचुकारपणाचा राग यायचा.

वडील वारल्यानंतरच्या पहिल्या कंदुरीला मेढी मी पुरल्या, माझ्या उंचीच्या. आदल्या दिवशी चुलते म्हणाले, "चाचांना चहाला बोलव. तुझा बाप बोलवायचा." चाचा म्हणजे बोकड कापणारे गावचे मुलाणी.

"उद्या येणारच हायेत की!" मी खेकसलो.

कंदुरीच्या दिवशी सकाळपासून मला चैन पडत नव्हतं. दहादा मेढी हलवून पाहिल्या, दोनदा दोर सोडून पुन्हा आवळला. चाचांनी बोकड कापला, आम्ही तो मागच्या पायांनी वर टांगला, आणि चाचांची सुरी खुरांपर्यंत पोचेचना. शेवटी पालथ्या घमेल्यावर चढून, डुगडुगत ते सोलायला लागले.

"चाचा, असं कधी झालं न्हाई."

"कसं व्हईल? चहा झाला की तुझा बाप मला मेढीपाशी उभा करायचा, हात वर करायला लावायचा, अन् तिथं खूण करायचा."