अडतीस माणसांची सिटी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझी अब्रू मी अमेरिकेतल्या मक्याच्या शेतात घालवली. चहा घ्या, सांगतो. पण हसताना सांडू नका.

आमचा मुलगा निखिल डेट्रॉइटजवळ ट्रॉयला असतो. सुट्टीत तो मला आणि हिला गाडीने पश्चिमेचे डोंगर दाखवायला निघाला. मिनेसोटात एक पंप दिसला तसा म्हणाला, "बाबा, पेट्रोल भरून घेऊ?"

मी मोबाइलवर नकाशा बघत होतो. "इथे कशाला? हायवे सोड आणि जरा आत घे. पुढे सिटी आहे. स्पष्ट लिहिलंय, 'सिटी ऑफ' अमुकतमुक! तिथेच जेवू, तिथेच भरू."

"बाबा, इथे सिटी म्हणजे ना..."

"मला शिकवतोस? उभा जन्म नगरपालिकेत कारकुनी केली मी! तीन लाख डोकी असल्याशिवाय शासन महापालिका देत नाही."

कुठलं शासन, हे त्याने विचारलं नाही. गुणी मुलगा.

मग सुरू झाला मका. डावीकडे मका, उजवीकडे मका. आधी मोबाइलची रेंज गेली, मग पेट्रोलचा दिवा लागला. हिने पर्समधून जपमाळ काढली.

"अहो, तुमच्या तीन लाखांतलं एक तरी डोकं दिसू दे!"

शेवटी हिरवी पाटी आली. वर सिटीचं नाव, खाली लोकसंख्या. अडतीस!

"बाबा, बाकीचे कुठे गेले?"

"जेवायला गेले असतील," ही म्हणाली. "यांच्या ऑफिसातले जायचे तसे."

धान्याची एक टाकी, एक चर्च, चार-दोन घरं. बसून चालवायच्या यंत्रावर गवत कापणाऱ्या एक आजीबाई. नेमका त्यांच्यासमोर गाडीने आचका दिला आणि प्राण सोडला.

मी तावातावाने उतरलो. "मॅडम, मला मेयरना भेटायचंय. तक्रार आहे."

त्यांनी यंत्र बंद केलं, हातमोजे काढले. "बोला."

"तुमच्याकडे नाही हो, मेयरकडे."

"मीच मेयर. काय तक्रार आहे?"

आता आली का पंचाईत? मी पुटपुटलो, "सिटीत पेट्रोल पंप नाही."

"दुकानही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण माझ्याकडे डबा आहे."

गवताच्या यंत्रासाठी ठेवलेला लाल डबा त्यांनी शेडमधून आणला आणि स्वतःच आमच्या गाडीत रिकामा केला. पुढच्या पंपापर्यंत आरामात पोचाल, म्हणाल्या. गाडी घुरघुरली आणि माझा जीव भांड्यात पडला. आता कणसांच्या सोबतीने रात्र काढावी लागणार नव्हती!

पण सवय जाते का? मी विचारलं, "मॅडम, अर्ज कुणाकडे देऊ? सही कुठे करू?"

"अर्ज?" मेयरबाई खळखळून हसल्या. "अर्ज घ्यायला आमच्याकडे क्लार्कच नाही. कधीची रिकामी आहे ती जागा!"

मागच्या सीटवरून हिचा आवाज आला, "तरीच! काम कसं झटकन झालं!"