टेबलावरचा तळहात

मास्तरांबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मी उठून जातो. मी ड्रमर आहे, एक्कावन्न वर्षांचा. गेली सत्तावीस वर्षं एका हॉटेलात, लोक सूप भुरकत असताना हळू वाजवतो. हळू म्हणजे किती, तर पलीकडच्या टेबलावरची बाई नवऱ्याला काय टोचून बोलली तेही मला ऐकू येतं. ही शिक्षा मला मास्तरांनी दिली.

माझा खरा गुरू वेगळाच होता. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्याला एक जोड होता, तो चाकावरून जाताना दर फेरीला टक् करायचा. त्या टकटकीवर चमचे आपटत मी मोठा झालो. गिरणीने माझा कधी अपमान केला नाही. मास्तरांनी पाच वर्षं दुसरं काही केलंच नाही.

सायकलच्या दुकानावर त्यांची खोली होती. एक खिडकी, एक जड लाकडी टेबल, कोपऱ्यात झाकून ठेवलेले ड्रम. पहिलं वर्षभर उशीवर वाजवायला लावलं. उशीवरून काठी उसळत नाही, प्रत्येक वेळी मनगटानेच उचलावी लागते. रात्री घास उचलताना हात थरथरायचा. उशीनंतर नुसतं टेबल. मास्तर समोर बसायचे, टेबलावर तळहात टेकवून, डोळे मिटून. आम्हाला वाटायचं, म्हातारा तल्लीन झालाय.

"डावा हलका पडतो," रोज हेच. "तू जेवलास ना? मग डाव्याला का उपाशी ठेवलंस?"

बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. त्यात एक चिकण्या होता, केस उडवत वाजवणारा. एका मोठ्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाला ड्रमर हवा होता. त्यांचे संचालक खोलीवर आले, आम्ही दोघांनी वाजवून दाखवलं. मास्तर माझ्यादेखत म्हणाले, "चिकण्याला न्या. याचा डावा हलका पडतो." झालं! चिकण्या देशोदेशी हिंडला. मी सुपाच्या वाफेत बसलो. मास्तरांचं तोंड पुन्हा बघायचं नाही असा कानाला खडा लावला, आणि बायकोसमोर, बँडवाल्यांसमोर, पाहुण्यांसमोर त्या माणसाचा उद्धार करत आलो.

गेल्या महिन्यात माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. आज कानाच्या डॉक्टरकडे गेलो, तर बाकावर कोण? मास्तर. वाळून काटकी झालेले. शेजारी त्यांची लेक. खोलीवर शाळेची पाटी घेऊन बसायची ती, आता तिचेही केस पिकायला लागलेले.

कंपाउंडरने मास्तरांचं नाव तीनदा पुकारलं. मास्तर ढिम्म.

"त्यांना ऐकू येत नाही, दादा," लेक म्हणाली.

"वय झालं."

"वय कसलं! मी चौथीत होते तेव्हापासून. कोणाला सांगू नकोस म्हणायचे, शिकवण्या जातील."

मी मनात हिशेब केला. ती चौथीत होती तेव्हा मी खोलीवर दुसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे संचालक आले त्याच्या कितीतरी आधी हा माणूस ठार बहिरा होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कान नाहीत आणि निकाल देतोय? चिकण्याचे केस बघून दिला की काय?

"लाज नाही वाटली?" मी ओरडलो. "माझं आयुष्य नासवलंत!"

मास्तरांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग हातांकडे. ओळख पटली असावी, कारण त्यांनी समोरच्या टेबलावरची जुनी मासिकं बाजूला सारली आणि तळहात टेकवला.

"वाजव," ते म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने.

पिशवीत काठ्या होत्याच. मी वाजवलं. सत्तावीस वर्षांचा राग त्या फळीवर काढला. एक लहान मूल रडायला लागलं, कंपाउंडर "अहो, अहो" करत धावला. मी थांबलो नाही. मास्तर डोळे मिटून बसले होते. मी थांबल्यावर त्यांनी हात उचलला.

"अजून हलका पडतो," ते म्हणाले आणि लेकीला धरून आत गेले.

मी माझा नंबर सोडून घरी आलो. बायको म्हणाली, "काय म्हणाले डॉक्टर?"

"ते राहू दे. इकडे बस. टेबलावर हात ठेव आणि दुसऱ्या हाताने कान दाब."

"एका हाताने दोन कान कसे दाबू?"

मी कापसाचे बोळे आणून दिले. ती कुरकुरत बसली, डोळे मिटले. मी वाजवलं, उजवा, डावा, उजवा, डावा, जिवाच्या आकांताने सारखं. शपथेवर सांगतो, मला दोन्ही सारखेच ऐकू येत होते.

तिने बोळे काढले. तिला ड्रममधलं ओ की ठो कळत नाही.

"एकाआड एक जोरात लागतंय," ती म्हणाली. "मुद्दाम वाजवलंत का तसं?"

"हो," मी म्हणालो. "मुद्दामच."

एक त्या माणसाला शिव्या घालायची सोय होती. आज तीही गेली.