छत्तीस कोरे गोल

"पैंसठ सही, तीस गलत. आप लोग तुक्के पर ही जीते हैं क्या?"

साहेबांनी हे माझ्या टेबलाशी उभं राहून विचारलं, सगळ्या सेक्शनला ऐकू जाईल असं. सेक्शन हसला. मीही हसलो. ते माझं हसणं मला अजून सलतं.

कारकुनाचा अधीक्षक होण्यासाठी आमची विभागीय परीक्षा असते. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर एक तृतीयांश कापतात. पास व्हायला साठ लागतात. संधी तीनच. पहिल्या खेपेला पासष्ट बरोबर, तीस चूक, म्हणून मला पंचावन्न पडले होते.

"आप लोग" म्हणजे कोण, ते सेक्शनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. माझे वडील नागपूरहून बनारसला सफाईच्या नोकरीवर आले. साहेब दूधविनायक या जुन्या मराठी ब्राह्मण वस्तीतले, पिढ्यान्‌पिढ्या इथले. त्यांच्या घरी मराठी, माझ्या घरीही मराठी. पण अठरा वर्षांत ते माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलले नव्हते.

त्या दिवशी त्यांनी सल्लाही दिला. जेवढं पक्कं येतं तेवढंच भरा, बाकी कोरं सोडा. मला तो उपकार वाटला.

दुसऱ्या खेपेला तेच केलं. उत्तरपत्रिकेवरचे चौसष्ट गोल काळे केले, छत्तीस कोरे सोडले. अठ्ठावन्न बरोबर, सहा चूक. छप्पन्न गुण. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला आणि वाढला एक गुण.

"इनसे नहीं होगा," साहेब म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यावर साहेब त्यांच्याच गल्लीतल्या एका नव्या कारकुनाला परीक्षेचं समजावत होते. मराठीत.

"अरे, दोन पर्याय कटले ना, की उरलेल्यातला एक ठोकून दे. कोरं सोडलंस तर मेलास."

मी दोन पायऱ्या खाली होतो. त्यांनी मला पाहिलं, तरी बोलणं थांबवलं नाही. मला मराठी कळतं हे ते विसरलेच असावेत.

घरी येऊन मी दुसऱ्या खेपेची प्रश्नपत्रिका काढली. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांपैकी सत्तावीस प्रश्नांवर मी पेन्सिलीने बारीक खूण केली होती. दोन पर्याय बाद करून, उरलेल्यातल्या एकावर. गोल मात्र भरला नव्हता. बायको उत्तरसूची वाचत गेली, मी खुणा तपासत गेलो. सूचीवरही माझा विश्वास नव्हता. नियमांचं पुस्तक उघडून एकेक उत्तर पडताळलं. पंधरा बरोबर, बारा चूक. पंधरातून चार गेले, अकरा. छप्पन्न आणि अकरा, सदुसष्ट.

पुन्हा बेरीज केली. सदुसष्टच.

"येत होतं की हो तुम्हाला," बायको म्हणाली. "मग भरलं का नाही?"

पहिल्या खेपेला मी अजिबात न येणारेही भरले होते, ती चूक माझी. पण दुसऱ्या खेपेला हात कुणी धरला होता?

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आखरी मौका है, इस बार और कम भरिएगा, म्हणाले.

मी मराठीत विचारलं, "साहेब, जिन्यावर त्याला सांगितलंत, ते मला का नाही सांगितलं?"

त्यांनी समोरची फाईल पुढे ओढली.

"उसकी बात और है," म्हणाले. हिंदीतच.

"माझीही गोष्ट तीच आहे," मी म्हणालो आणि त्यांनी जा म्हणायच्या आत बाहेर आलो.

त्यांनी मुद्दाम केलं, हे मला सिद्ध करता येणार नाही. कदाचित त्यांना मनापासूनच वाटत असेल, की त्यांच्या माणसाचा तो अंदाज आणि माझा तो तुक्का. मला ते जास्त वाईट वाटतं.

परीक्षा पुढच्या रविवारी आहे. नापास झालो तर कारकून म्हणूनच निवृत्त होईन. दोन काय, एक जरी पर्याय बाद झाला, तरी मी गोल भरणार. एकही बाद झाला नाही, तर सोडणार. चुकलो तर माझ्या अकलेने चुकेन. यापुढे दुसऱ्याच्या अकलेने चुकणार नाही.